शेवटची खोली

नाशिक रोड स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘देवळाली’ म्हटलं की तो विचारणारच, “गाव की कॅम्प?” देवळालीगाव तिथून जवळ, आता नाशिक महानगरपालिकेत पार मिसळून गेलेलं. कॅम्प मात्र लॅम रोडने आणखी काही किलोमीटर पुढे. ज्या गावाचं नाव घेऊन इंग्रजांची छावणी बसली, ते गाव आता आपलं नाव सांगताना पुढे ‘गाव’ जोडतं. मुंबईत तर कोणी ‘देवळालीला जातोय’ म्हणाला की कॅम्पच समजायचा.

मुंबईच्या गुजराती, पारशी, बोहरी कुटुंबांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या पणज्या-आज्यांपासून देवळाली ही हवा खायची जागा. मराठी माणूस मे महिन्यात आपल्या गावी जायचा, कोकणात नाही तर देशावर. आमचं गाव आजोबांच्या वडिलांच्या काळातच सुटलं होतं. घर पडलं, जमीन भावकीत गेली. गिरगावातल्या चाळीत सगळी बिऱ्हाडं गावाला निघाली की आम्ही एकटे मागे राहायचो, असं आजी सांगायची. मग आजोबांच्या शेठजींची चिठ्ठी आली आणि आम्हाला गाव मिळालं.

आजोबा मूळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर गुमास्ते होते. शेठजींच्या ज्ञातीचं देवळालीत सॅनेटोरियम होतं. सॅनेटोरियम म्हणजे आजाऱ्यांचंच असं नव्हे. लांब बैठी चाळ, ओळीने खोल्या, पुढे पडवी, मागे स्वयंपाकाची जागा, अंगणात विहीर आणि कडुनिंब. खोली मिळायची ती ट्रस्टच्या मुंबईतल्या कचेरीतून, ज्ञातीच्या माणसाला, नाममात्र भाड्यात. ज्ञातीबाहेरच्या माणसाला हवी तर कोणा वजनदार शेठची चिठ्ठी लागायची. ती आजोबांना मिळाली आणि पुढे वर्षानुवर्षं मिळत राहिली. सत्तरच्या दशकात आम्ही नातवंडं त्याच चिठ्ठीवर जायचो.

भुसावळ पॅसेंजर. होल्डॉल, माठ, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पिठाचे डबे, शिवाय आजीची पोळपाट-लाटण्याची पिशवी. तिथे सगळं मिळतं हे माहीत असूनही सगळं न्यायचंच. कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लागायची, घाट चढताना मागून ढकलायला. ती लागताना डब्याला बसणारा धक्का अनुभवायला आम्ही मुलं मुद्दाम उभी राहायचो. आजी म्हणायची, तुम्ही सुखी, बोगद्यात डोळे उघडे ठेवता. तिच्या तरुणपणी मुंबई ते इगतपुरी विजेचं इंजिन होतं, ती वीज १९३० मध्येच आली होती. पण इगतपुरीला ते काढून पुढे कोळशाचं लावत आणि मग देवळालीपर्यंत डोळ्यांत कणी. इगतपुरीनंतरची स्टेशनं आम्हाला पाठ: घोटी, पाडळी, अस्वली, लहवित. लहवित आलं की होल्डॉलचे पट्टे आवळायचे, बाबा दाराशी उभे राहायचे, कारण देवळालीला गाडी फार थांबत नसे.

स्टेशनाबाहेर टांगे. आमचा टांगेवाला ठरलेला. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या वडिलांचा टांगा, त्यांच्याही वडिलांचा टांगा. घोडा चालत असताना चाचा मागे वळून बोलत राहायचे, रस्त्याकडे बघायचं काम घोड्याचं. कॅम्पचा इतिहास मी पहिल्यांदा ऐकला तो असा, टांग्याच्या मागच्या बाकावर, पाय लोंबकळत ठेवून.

चाचा सांगायचे ते पुढे पुस्तकांतून ताडून पाहिलं, तेव्हा बहुतेक खरं निघालं. मुंबई बंदरात उतरलेली गोरी पलटण मुंबईच्या दमट हवेत ठेवली तर आजारी पडते, म्हणून तिला घाट चढवून कोरड्या हवेत आणायचं आणि तिथून देशभर वाटायचं, हा इंग्रजांचा हिशेब होता. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि त्याच दशकात देवळालीला बराकी उभ्या राहिल्या. येणाऱ्यांसाठी ही जागा पहिला मुक्काम होती, आणि नोकरीची वर्षं भरून परत जाणाऱ्यांसाठी शेवटचा. पण सैन्य वाहून नेणारी जहाजं साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात ये-जा करत. ज्याची नोकरी एप्रिलात संपली, त्याने काय करायचं? त्याने देवळालीत बसायचं. कवायत नाही, काम नाही, बंदूकही परत केलेली, खिशात साठलेला पगार, डोक्यावर वैशाखाचं ऊन. माणसं दारू प्यायची, मारामाऱ्या करायची, काही खरोखरच भ्रमिष्ट व्हायची. इंग्रजीत वेड लागण्याला या गावावरून शब्द पडला तो यामुळे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या साध्या शिपायाने १९३६ मध्ये ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकात देवळालीतल्या या रिकाम्या दिवसांबद्दल लिहिलं आहे.

चाचांच्या आजोबांनी या शिपायांना टांग्यातून फिरवलेलं. त्यांच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: एक गोरा शिपाई रोज संध्याकाळी टांगा करायचा, स्टेशनापर्यंत जायचा, गाडी बघायचा आणि परत यायचा. उतरायचा नाही, बोलायचा नाही. भाडं पुरं द्यायचा. पावसाळा निघून गेला, जहाजाचा हुकूम आला, त्या दिवशी तो टांग्यात बसलाच नाही. सामान डोक्यावर घेऊन पायी गेला. का, ते चाचांच्या आजोबांना कळलं नाही. चाचांनाही माहीत नव्हतं. पण गोष्ट सांगताना ते दर वेळी तिथे थांबायचे, जणू आमच्यापैकी कोणीतरी उत्तर देईल.

आमची खोली शेवटची. चाळीच्या टोकाला, बाकीच्या खोल्यांपासून थोडी सुटी, मध्ये एक बोळ. पडवी पूर्वेला तोंड करून. सकाळचं ऊन थेट खाटेवर यायचं आणि संध्याकाळी कडुनिंबाची सावली. बाकीच्या खोल्यांना एकाच बाजूला खिडकी, आम्हाला दोन बाजूंना. मेहेताजी, म्हणजे सॅनेटोरियमचे कारभारी, भांडी मोजून द्यायचे: दोन तपेल्या, एक कळशी, एक बादली, एक मोगरी. वहीत सही. मुक्काम संपताना परत मोजून घ्यायचे. फाटकाशी गुजरातीत मोठी पाटी होती. मांस, मच्छी, अंडी, दारू मना. कांदा-लसणाबद्दल पाटीवर काही नव्हतं, पण आजी तिथे तेही बाहेर पडवीत चिरायची, शेजाऱ्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून. आणि पाटीवर एक ओळ आणखी होती: सांसर्गिक रोग असलेल्यास जागा मिळणार नाही.

इतकी छान खोली दर वर्षी आम्हालाच कशी मिळते, हा प्रश्न आम्हा मुलांना कधी पडला नाही. ती आमचीच होती.

दिवसाचा क्रम ठरलेला. पहाटे संसरीकडून येणारा गवळी. दुपारी गुजराती मुलांबरोबर पत्ते. संध्याकाळी लॅम रोडवर चक्कर, सगळ्या सॅनेटोरियमांतली सगळी माणसं तेव्हा रस्त्यावर असायची, पारशी आजोबा पांढऱ्या डगल्यात, बोहरी बायका रंगीत रिद्यांत. मधूनच तोफांचा आवाज. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकूलहून तोफखान्याचं विद्यालय देवळालीला हलवलं आणि फाळणीनंतर काकूल पाकिस्तानात गेलं, देवळालीचं विद्यालय भारताच्या तोफखान्याचं गुरुकुल बनून राहिलं. सरावाच्या दिवशी खिडकीची तावदानं थरथरायची. नवीन आलेले दचकायचे, आम्ही जुनेजाणते असल्यासारखे पत्ते वाटत राहायचो. आजही तोफखान्यात काही नवं आलं तर ते आधी देवळालीला येतं. एम-७७७ आणि के-९ वज्र या तोफा सैन्यात रीतसर दाखल झाल्या त्या ९ नोव्हेंबर २०१८ ला, देवळालीतच.

एखाद्या दिवशी भगूर. कॅम्पला लागूनच. सावरकरांचा जन्म तिथला, २८ मे १८८३ चा. आजोबा आम्हाला त्या वाड्यापाशी न्यायचे, अष्टभुजा देवीसमोर कोवळ्या मुलाने घेतलेल्या शपथेची गोष्ट सांगायचे आणि येताना शेंगदाण्याची चिक्की घ्यायचे. आम्हाला दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या.

आणि खंडोबाची टेकडी. मणी-मल्लांना मारल्यावर खंडोबाने इथे विश्रांती घेतली, अशी श्रद्धा आहे. टेकडीवर आम्हाला न्यायचे ते काकाआजोबा, आजोबांचे धाकटे भाऊ. बारीक, उंच, लग्न न केलेले. ते पायऱ्या फार सावकाश चढत. दर दहा-पंधरा पायऱ्यांनी थांबून काहीतरी दाखवत. त्या लाल कौलांच्या बराकी. तो दारणेचा पट्टा. ती बघा बार्न्स शाळा. तिच्या पायाचा दगड १९२३ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरने, सर जॉर्ज लॉइडने, बसवला आणि १९२५ मध्ये भायखळ्याची मुलं इथे मोकळ्या हवेत शिकायला आली. आम्हाला वाटायचं, काकाआजोबांना किती माहिती आहे, किती प्रेमाने दाखवतात. वर पोचेपर्यंत आमचा भंडारा कपाळावर लावायचा उत्साह संपत आलेला असायचा.

मग आजोबा गेले, पेढी बंद झाली, चिठ्ठी थांबली. मी नोकरीला लागलो. पुढच्या सुट्ट्या दुसरीकडे गेल्या.

यंदा दिवाळी झाल्यावर आत्या म्हणाली, मला एकदा देवळाली बघायची आहे, तू चल. आत्या आता पंच्याऐंशी पार. गुडघे कुरकुरतात, बुद्धी लखलखीत. गाडीने न्यायचं म्हटलं तर नको म्हणाली, रेल्वेनेच. देवळालीला थांबणारी गाडी तिच्या वेळेला सोयीची नव्हती, म्हणून नाशिक रोडला उतरलो. येताना लहवित गेलं तेव्हा ती सवयीने पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग देवळाली स्टेशन न थांबता मागे पडलं. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-शिर्डी वंदे भारतही इथे थांबत नाही. पण शेतमालासाठी देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला सुटली ती याच स्टेशनातून, बिहारमधल्या दानापूरला. हे सांगितल्यावर आत्याला समाधान वाटलं. “म्हणजे स्टेशनाला काम आहे,” म्हणाली.

लॅम रोड ओळखू येतो आणि येत नाही. टांगे दिसले नाहीत. नाशिक रोडच्या बाजूने उंच इमारती सरकत सरकत आल्या आहेत. कॅम्पात शिरल्यावर मात्र आभाळ एकदम मोठं होतं, कारण छावणीच्या कायद्याने बांधकामावर बंधनं. त्या बंधनांवर इथले रहिवासी वैतागतात आणि त्यांचं चुकत नाही: वडिलोपार्जित घराची भिंत दुरुस्त करायची तरी परवानग्यांच्या खेपा. पण वड, चिंचा, कडुनिंब उरले तेही त्यामुळेच. आता केंद्र सरकारने छावण्यांतला नागरी भाग वेगळा करून शेजारच्या पालिकांना जोडण्याचं धोरण घेतलं आहे. हिमाचलातल्या योलपासून २०२३ मध्ये सुरुवात झाली, देवळालीच्याही नागरी भागाबद्दल चर्चा चालू आहे. माझं मत विचाराल तर रहिवाशांना पालिकेतल्या माणसाइतके हक्क मिळालेच पाहिजेत. पण ते देताना झाडांची आणि जुन्या इमारतींची यादी आधी करावी. एकदा बुलडोझर शिरला की यादी करून उपयोग नाही.

बऱ्याच सॅनेटोरियमांच्या जागी आता हॉलिडे होम आहेत, लग्नाचे हॉल आहेत, नुसते पत्रे मारलेले प्लॉट आहेत. आमचं अजून उभं होतं. कौलं जाऊन पत्रे आले आहेत, विहिरीवर जाळी बसली आहे, पण ओळ तीच. फाटकाची पाटी नवी, मजकूर बहुतेक तोच. आताचे मेहेताजी पन्नाशीचे, कच्छहून आलेले. आत्याने त्यांना ती कोण ते सांगितलं. त्यांनी शेवटच्या खोलीची किल्ली दिली.

पडवीतल्या बाकावर बसून आत्याने चहा मागवला. मग एकदम म्हणाली, “ही खोली आपल्यालाच का मिळायची, ठाऊक आहे का तुला?”

१९४७ चा पूर्वार्ध. काकाआजोबा तेव्हा पंचविशीचे, गिरणीच्या कचेरीत नोकरीला. खोकला जाईना, संध्याकाळी ताप, मग एक दिवस रुमालावर रक्त. क्षय. चाळीत हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला तर नळावर जागा नाही, घरातल्या मुलीचं लग्न नाही. आत्या तेव्हा आठ वर्षांची होती. तिला सांगितलं, काकाला अशक्तपणा आहे. आजोबांनी शेठजींपुढे खरं सांगितलं. शेठजी बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत ‘हवापालट’. पाटीवर काय लिहिलं आहे ते ट्रस्टी असलेल्या शेठजींना पक्कं माहीत होतं. मेहेताजींनाही पहिल्या रात्री खोकला ऐकून कळलंच असणार. त्यांनी भांडी मोजून दिली आणि म्हणाले, ही भांडी तुमच्याकडेच ठेवा, परत मोजायची नाहीत. खोली दिली ती टोकाची, बोळापलीकडची, दोन खिडक्यांची. आजी काकाआजोबांबरोबर राहिली आणि आत्याला घेऊन आली, कारण ती धाकटी. तिची खाट पडवीत, काकाची आत.

क्षयावर तेव्हा औषध नव्हतंच म्हणा. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध अमेरिकेत १९४३ मध्ये लागलेला, इंग्लंडातल्या गाजलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९४८ चे. इथे उपचार म्हणजे स्वच्छ हवा, पडून राहणं, दूध, अंडी आणि दर आठवड्याला वजन. ज्यांना परवडे आणि जवळ डॉक्टर असे, ते बरगड्यांतून सुई घालून छातीत हवा भरून घेत, म्हणजे आजारी फुप्फुस दबून त्याला आराम मिळे. पाचगणी, मिरज, देवळाली ही कोरड्या हवेची गावं म्हणून माणसांनी भरलेली. हवेने जंतू मरत नाहीत. पण पुरेसं अन्न आणि विश्रांती मिळालेलं शरीर काही वेळा रोगाला थोपवून धरायचं, आणि तेवढ्या आशेवर लोक महिनोन् महिने पडवीत पडून राहायचे.

डॉक्टरांनी रोज दोन अंडी सांगितली. आवारात अंडं आणायचं नाही. मुळात आजीनेही जन्मात अंड्याला हात लावलेला नव्हता. स्टेशनावरून आणणाऱ्या टांगेवाल्याला, म्हणजे आमच्या चाचांच्या वडिलांना, तिने विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी अंडी उकडली जाऊ लागली. आजी सकाळी भाजीला म्हणून निघायची, तबेल्यामागच्या त्यांच्या घरी जायची. चाचांची आई सोललेली अंडी पितळी डब्यात ठेवायची, वर कोथिंबिरीची जुडी. आजी डबा घेऊन फाटकातून आत यायची तेव्हा आत्या पुढे पळत जाऊन बघायची, पडवीत कोणी बसलं आहे का. अंड्याचा वास राहू नये म्हणून रिकामा डबा चिंचेने घासायचा, तोही विहिरीवर नाही, खोलीच्या मागे. आत्या म्हणाली, “आईला मळमळायचं. पण त्याच्यासमोर बसून ती म्हणायची, खा, नारळाच्या वडीसारखं आहे.”

असं सहा-सात महिने. त्या अंड्यांचे पैसे चाचांच्या आईने महिनाअखेर घेतले, आणि आत्या सांगते, घेताना दर वेळी त्यातला एक आणा तिच्या हातावर ठेवला.

तेव्हाच स्वातंत्र्य आलं. पंधरा ऑगस्टच्या रात्री काकाआजोबा खाटेवर उठून बसले होते, एवढंच आत्याला आठवतं, आणि पाऊस होता. पावसाळा संपता संपता कॅम्प भरू लागला. कराचीहून बोटींनी मुंबईला उतरलेले सिंधी निर्वासित कल्याण, पिंपरी, कोल्हापूरजवळचं वळीवडे, देवळाली असे ठिकठिकाणच्या छावण्यांत पाठवले जात होते. युद्ध संपून रिकाम्या पडलेल्या बराकी त्यांना मिळाल्या. एका बराकीत किती तरी कुटुंबं, मध्ये चादरींचे पडदे. वाड्यांत वाढलेल्या बायका नळावर रांगेत. आत्याला त्यांच्यातली एक मुलगी मैत्रीण मिळाली, तिच्याच वयाची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सागरगोटे खेळायला भाषा लागत नाही. त्या मुलीची आई पापड करून आवारात विकायला यायची. सॅनेटोरियमच्या बायका घासाघीस करायच्या. आजी करायची नाही. आत्याने विचारलं तर म्हणाली, “तिचं गाव पण गेलंय.”

शेठजींचे भाऊ परदेशी मालाच्या व्यापारात होते. १९४८ मध्ये त्यांच्याकरवी स्ट्रेप्टोमायसिन आलं. सोन्याच्या भावाचं, असं आजी म्हणायची. त्यासाठी तिच्या पाटल्या गेल्या, उरलेले पैसे शेठजींनी आजोबांच्या पगारातून हप्त्याने कापले आणि शेवटचे हप्ते कापलेच नाहीत. रबरी बुचाच्या छोट्या बाटल्या, आत पांढरी भुकटी. रिकाम्या बाटल्या आत्याने जमवल्या होत्या, भातुकलीत तेला-तुपासाठी. त्या एकट्या औषधाने बरे झालेले अनेक जण पुढे पुन्हा आजारी पडत, जंतू औषधाला दाद देईनासे होत. काकाआजोबा वाचले. एक फुप्फुस बरंचसं निकामी होऊन, पण वाचले.

आत्याने इथे चहा संपवला. मी टेकडीकडे बघत होतो. ती म्हणाली, “तुम्हाला वाटायचं तो दृश्यं दाखवतोय. त्याला दम लागायचा.”

पुढचं माझं मलाच जुळत गेलं. काकाआजोबा बरे होऊन गेल्यावर त्या खोलीत राहायला कोणी तयार होईना. तोंडाने कोणी काही बोललं नाही, पण चिठ्ठ्या आल्या की लोक म्हणायचे, टोकाची नको. चुना मारला, फरशी धुतली, तरी नको. मग मेहेताजींनीच शेठजींना कळवलं, तुमच्या गुमास्त्यांना उन्हाळ्यात पाठवा, खोली रिकामीच असते. आमचं आजोळासारखं गाव असं मिळालं होतं. सकाळच्या उन्हाची ती खाट, जिच्यावर आम्ही उड्या मारायचो, ती बहुधा तीच.

आजार मागे हटला म्हणून आम्हा मुलांना तिथे सुट्टी मिळाली, हेही तितकंच खरं. १९५२ च्या सुमारास आयसोनियाझिड हे स्वस्त औषध आलं. मद्रासमध्ये १९५६ मध्ये संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे गरीब वस्तीतल्या रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियमात ठेवून आणि काहींना घरीच गोळ्या देऊन पाहिलं. घरी राहणारे, कमी खाणारे, कामाला जाणारेही गोळ्या नीट घेतल्या तर तितकेच बरे होतात, असं त्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. त्या निष्कर्षाने जगभरातली सॅनेटोरियमं ओस पडली. देवळालीतल्या खोल्या मोकळ्या झाल्या आणि तिथे खोकणाऱ्यांच्या जागी पत्ते खेळणारे आले. क्षय देशातून गेलेला नाही, जगातले सर्वाधिक रुग्ण आजही आपल्याकडे आहेत. पण मद्रासच्या त्या अभ्यासाने क्षयरोग्याला घर परत दिलं, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याची दोन ओळींची नोंद नाही, याचं मला वाईट वाटतं.

संध्याकाळी मेहेताजींना जुन्या वह्यांबद्दल विचारलं. त्यांनी कचेरीतलं लाकडी कपाट उघडलं. १९६० च्या आधीच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, म्हणाले, पूर्वीच टाकल्या असतील. पुढच्या होत्या. लाल कापडी बांधणीच्या, उभ्या, पेढीच्या चोपड्यांसारख्या. रकाने गुजरातीत: नाव, गाव, माणसं किती, चिठ्ठी कोणाची, कारण, आलेली तारीख, गेलेली तारीख, भांडी. आजोबांचं नाव सापडायला वेळ लागला नाही, कारण खोलीचा आकडा माहीत होता. गुजराती नोंदींच्या रांगेत मध्येच त्यांची मोडी वळणाची सही, ‘र’ खालून फिरवून वर नेलेला. माणसं सात. कारण हवापालट. दर उन्हाळ्याला तेच. एका पानावर सहीखाली कोणीतरी निळ्या पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या होत्या. आत्या म्हणाली, तू. मी म्हटलं आठवत नाही. ती म्हणाली, “मला आठवतं. मेहेताजी रागावले नव्हते.”

ते कपाट बघून मला राहवेना. लॅम रोडवरच्या अशा प्रत्येक आवारात एकेक कपाट असणार किंवा होतं. कोण आलं, कुठून आलं, कोणाच्या शब्दावर राहिलं, कधी गेलं, आणि कोणाच्या पुढचा ‘गेलेली तारीख’ हा रकाना दुसऱ्या शाईने भरला आहे. पलटणींच्या नोंदी लंडनला आणि दिल्लीला जपलेल्या आहेत. निर्वासितांच्या काही सरकारी याद्या असतील. पण पडवीत पडून आकाश बघणाऱ्या त्या हजारो माणसांची, त्यांना जेवण रांधणाऱ्या आयाबहिणींची नोंद फक्त या चोपड्यांत आहे. या गावात पिढ्यान् पिढ्या लोक राहून गेले आणि मुरले मात्र थोडे. म्हणून त्याचा इतिहास इथे कमी आणि मुंबईच्या घराघरांत जास्त आहे, आत्यासारख्या बायकांकडे. जागा बिल्डरला गेली की कपाट आधी भंगारात जातं. त्या आधी कोणीतरी, ट्रस्टने, नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने, ही पानं फोटो काढून ठेवावीत. खर्च फार नाही. एक मोबाइल आणि सुट्टीतले चार विद्यार्थी पुरे.

हे मी मेहेताजींना सांगितलं. ते म्हणाले, माझी ना नाही, पण ट्रस्टींची लेखी परवानगी लागेल, पत्र पाठवा. आत्याने पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाली, पत्र माझ्या नावाने जाऊ दे, मी सांगते, तू लिही. तिथेच कचेरीतल्या टेबलावर तिने मजकूर सांगितला, काकाचं आजारपण लपवायचं नाही, तेही लिही म्हणाली, आता कोणाचं लग्न अडत नाही. सही केली. मग कागद परत मागून घेतला.

“खाली आणखी एक ओळ घाल,” ती म्हणाली. “पुढच्या चंपाषष्ठीला शेवटची खोली हवी आहे. माणसं चार. भाडं आगाऊ पाठवते. आणि पायऱ्या चढायला डोली मिळते का, तेही विचार.”